इलेक्ट्रिक माउंटन बाइकची चेन: सफाई, तेल आणि झिजेची मोजणी

साध्या सायकलची चेन कोरडी पडली की चालवणाऱ्याच्या पायांना ते लगेच कळते. पेडल जड होते, चढावर दम लवकर लागतो आणि तेलाची बाटली शोधावीच लागते. इलेक्ट्रिक माउंटन बाइकवर ही सूचना मिळत नाही. घर्षणात वाया जाणारा जोर मोटर परस्पर भरून काढते, सायकल पूर्वीइतकीच हलकी वाटत राहते आणि चेन मात्र वाळूमातीत रगडली जात असते. पायांवर विसंबून राहिल्यास चेनचे दुखणे कळते तेव्हा बहुधा कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही खाल्लेले असतात. म्हणून या सायकलच्या चेनची निगा डोळे, कान आणि मोजपट्टी यांच्या भरवशावर राखावी लागते. सह्याद्रीच्या घाटवाटा, मुरमाड रस्ते आणि चार महिन्यांचा चिखल यांतून सायकल नेणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून ही पद्धत येथे दिली आहे.

सर्वांत आधी आपल्या सायकलची मोटर कोठे बसवलेली आहे ते पाहावे, कारण चेनवर पडणारा भार त्यावर ठरतो. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात असेल, तर ती चाकाला थेट फिरवते आणि चेनमधून फक्त चालवणाऱ्याच्या पायांचा जोर जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या आवाक्यातल्या किमतीच्या बहुतेक इलेक्ट्रिक माउंटन बाइक याच प्रकारच्या, म्हणजे मागच्या हबमध्ये २५० वॅटची मोटर आणि सात गिअरचे फ्रीव्हील (कॅसेटसारखाच चक्रांचा संच) अशा असतात. मोटर मध्यभागी, पेडलच्या आसाभोवती असेल, तर मात्र पायांचा आणि मोटरचा असा दुहेरी जोर एकाच चेनमधून मागच्या चाकाकडे जातो. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपी८ या मोटरी सुमारे ८५ न्यूटन मीटर किंवा त्याहून अधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देऊ शकतात. तंदुरुस्त माणूस तासभर टिकवू शकेल अशा ताकदीच्या साधारण दोन-तीन पट ताकद अशी मोटर चढावर चेनवर लादते. मध्यभागी मोटर असलेल्यांनी पुढील प्रत्येक काम अधिक वारंवार आणि अधिक काटेकोरपणे करावे. हबमध्ये मोटर असलेल्यांना चेनच्या झिजेबाबत थोडी सवड मिळते, परंतु पाणी, गंज आणि धूळ त्यांनाही तितकीच छळतात.

तेल नेमके कोठे लागते

चेनची रचना समजल्याशिवाय तिला नीट तेल देता येत नाही. आज वापरात असलेल्या रोलर चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला घेतले आणि तिचे मूळ तत्त्व अजूनही तेच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि दातांवर टेकणारा फिरता रोलर हे तिचे भाग. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. गिअर सात असोत की बारा, हे अंतर बदलत नाही. गिअर वाढतात तशी चेनची रुंदी तेवढी कमी होत जाते.

चेन दातावर चढताना आणि दातावरून उतरताना प्रत्येक सांधा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या वेळी पिन आतल्या पट्टीच्या गोल कंगोऱ्यात घासते, आणि त्याच कंगोऱ्यावर बाहेरून रोलर फिरतो. तेलाची खरी गरज या दोन ठिकाणी, नजरेआड असते. बाहेरच्या पट्ट्यांवर चमकणारे तेल गंज थोपवण्यापुरते उपयोगी पडते. त्यापलीकडे ते धूळ गोळा करते, आणि तीच धूळ तेलाबरोबर सांध्यात उतरते. मुरमाची बारीक पूड आणि तेल यांचा काळा लगदा पिन आणि कंगोरा यांच्यामध्ये सापडला की सहाणेवर चंदन उगाळावे तशी पिन उगाळली जाते. चेन लांबते ती यामुळे. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, शंभराहून अधिक सांध्यांपैकी प्रत्येक सांधा केसभर सैल होतो आणि त्या सैलपणाची बेरीज लांबीत दिसते. माझ्या मते चेनच्या निगेतील निम्म्याहून अधिक काम पुसण्याचे आहे. तेल कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

कामाला हात लावण्यापूर्वी

पॉवर बंद करावी, किल्ली काढावी आणि बॅटरी सायकलवरून उतरवून ठेवावी. ही पायरी कोणीही गाळू नये. हबमोटरच्या अनेक सायकलींत पेडल पुढे फिरल्याचे सेन्सरला कळताच मोटर सुरू होते. मागचे चाक उचललेले असेल आणि हातात फडके धरून कोणी पेडल फिरवत असेल, तर चाक एकदम वेग घेते आणि चेन व दातांच्या मध्ये बोटे सापडू शकतात. हँडलला थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता हाताने मोटर चालवण्याची सोय, असेल तर धोका आणखी वाढतो, कारण सायकल हलवताना त्यावर सहज हात पडतो. बॅटरी काढल्यावर सायकलवरील तिचे संपर्क कोरड्या कापडाने किंवा कंपनीच्या झाकणाने झाकावेत, म्हणजे त्यांवर पाणी व तेल उडणार नाही. बॅटरी उतरल्याने तीनएक किलो वजनही कमी होते. या सायकली वीस ते पंचवीस किलोंच्या घरात असतात आणि हलक्या सायकलींसाठी बनवलेले दुरुस्तीचे स्टँड एवढ्या भाराने कलंडू शकते, म्हणून स्टँडवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचून घ्यावी.

स्टँड नसल्यास सायकल भिंतीला टेकवून मागचे चाक किंचित उचलले जाईल अशी व्यवस्था करावी. हँडल आणि सीटवर उलटी उभी करण्याची आपल्याकडची जुनी सवय येथे टाळावी. त्यामुळे डिस्प्ले, थ्रॉटल आणि वायरींवर भार येतो, आणि ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे नळीतील तेलाच्या दाबावर चालणारे, असतील तर त्यांच्या टाकीतील हवा नळीत शिरून ब्रेक मऊ पडू शकतो.

यानंतर डिस्क ब्रेकची काळजी. तेलाचा एक थेंब डिस्कवर किंवा पॅडवर गेला तर ब्रेक किंचाळू लागतो आणि पकड सुटते. घाट उतरताना हे जिवावर बेतू शकते. मागच्या डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाड कापड गुंडाळावे. डिस्कवर चुकून तेल उडालेच तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, परंतु तेल पॅडमध्ये मुरले असेल तर बहुतेक वेळा पॅड बदलावेच लागतात. स्प्रेच्या डब्यातले तेल या कामी मुळीच वापरू नये असे माझे ठाम मत आहे. त्याचा फवारा चेनवर जेवढा पडतो तेवढाच मागच्या डिस्कवरही जातो. बाटलीतून थेंब थेंब सोडता येणारे तेलच घ्यावे.

सफाई: रोजची आणि सखोल

कोरड्या दिवशीच्या फेरीनंतर साधी सफाई पुरते. सुती फडके मुठीत घेऊन चेनच्या खालच्या पट्ट्याभोवती, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे खालून जाणाऱ्या भागाभोवती, धरावे आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटे फिरवावे. काही मध्यवर्ती मोटरींत पेडल उलटे फिरवले तरी चेन फिरत नाही. तशा सायकलीचे मागचे चाक उचलून, पॉवर बंद असल्याची पुन्हा खात्री करून, पेडल सावकाश पुढे फिरवावे, आणि फडक्याचा हात दातांपासून दूर राहील अशा जागी धरावा. फडक्यावर उमटणारा काळा पट्टा फिका होईपर्यंत हे करावे. याला दोन मिनिटे लागतात. जुना सुती शर्ट किंवा धोतराची चिंधी यासाठी उत्तम. सिंथेटिक कापड तेल शोषून घेत नाही, नुसते पसरवते.

चिखलातून आल्यावर आधी चिखल काढावा. ओला चिखल नळाच्या मंद धारेने किंवा बादलीतील पाण्याने सैल करून मऊ ब्रशने उतरवावा. गॅरेजमधल्या प्रेशर पंपाची धार चेन, हब, मोटर आणि वायरींचे जोड यांवर कधीही मारू नये. ती धार सांध्यांमधला चिखल बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते, बेअरिंगमधले ग्रीस उडवून देते आणि मोटरच्या सीलमधून पाणी आत जाऊ शकते. सायकल पावसात चालण्यायोग्य असते, याचा अर्थ ती दाबाच्या धारेखाली धुण्यायोग्य असते असा होत नाही.

सखोल सफाई चेनवर काळा थर साचल्यावर करावी. सायकल धुण्याचे पाण्यात मिसळणारे डीग्रीजर ब्रशने चेनवर लावावे, पाच मिनिटांनी चेनच्या चारही बाजू घासाव्यात आणि साध्या पाण्याने धुवावे. चेनवर बसवायची ब्रशवाली डबी मिळते, ती असल्यास काम नेटके होते. डीग्रीजर पेडलच्या आसाकडे, मोटरच्या सांध्याकडे आणि मागच्या हबकडे वाहून जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण तेथील ग्रीसही ते तितक्याच तत्परतेने विरघळवते. आपल्याकडे अनेक कारागीर रॉकेल किंवा डिझेल वापरतात. चेन सायकलवरून काढून रुंद तोंडाच्या बरणीत रॉकेलमध्ये हलवून घेतली तर ती खरोखरच स्वच्छ होते, परंतु रॉकेलचा पातळ थर मागे राहतो आणि नव्या तेलाला पातळ करतो. म्हणून नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन चेन पूर्ण वाळवावी. वापरलेले रॉकेल गटारात ओतू नये. बरणी दोन दिवस ठेवल्यास गाळ तळाला बसतो आणि वरचे रॉकेल पुन्हा वापरता येते. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ सहज पेट घेते, आणि विजेची उपकरणे असलेल्या जागी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

गंज काढण्याचे किंवा न्हाणीघर धुण्याचे अ‍ॅसिड चेनला कधीही लावू नये. शिमानोच्या सूचनापत्रकांतही आम्लयुक्त आणि अल्कलीयुक्त द्रावणांबाबत चेन तुटण्याचा स्पष्ट इशारा असतो. चेनच्या पट्ट्या कठीण केलेल्या पोलादाच्या असतात आणि अशा द्रावणांनी त्यांत न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. मध्यवर्ती मोटरीच्या पूर्ण जोराखाली चढावर अशी चेन तुटली, तर पेडलवर उभा असलेला माणूस थेट पुढे कोसळतो.

चेन धुताना डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेची, दोन छोटी चाके विसरू नयेत. त्यांच्या कडांवर काळ्या मेणासारखा लगदा चिकटतो. तो चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच खरवडावा आणि चाक फिरवत काढून टाकावा. कॅसेटच्या दोन चक्रांमध्ये कापडाची पट्टी ताणून पुढेमागे ओढली की तेथील माती निघते. ही चाके आणि कॅसेट घाण ठेवून चेनच चकचकीत केली, तर पहिल्याच किलोमीटरात ती घाण परत चेनवर येते.

धुतलेली चेन वाळवणे हा सफाईचाच भाग आहे. फडक्याने टिपून, शक्य असल्यास उन्हात ठेवून, सांध्यांतले पाणी जाऊ द्यावे. ओल्या चेनवर टाकलेले तेल पाण्यावर तरंगते आणि पिनपर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा चेन रात्रभर पंख्याखाली ठेवावी.

कोणते तेल घ्यावे

बाजारात सायकलच्या चेनसाठी तीन प्रकार मिळतात. कोरड्या हवामानाचे तेल पातळ असते, त्यातील द्रावक उडून गेल्यावर पातळ थर राहतो, धूळ कमी चिकटते, पण पहिल्या जोरदार सरीत ते धुऊन जाते. ओल्या हवामानाचे तेल दाट व चिवट असते, पाण्यात टिकते, पण उन्हाळ्यात सासवडच्या किंवा नगरच्या बाजूच्या मातीच्या रस्त्यांवर तेच तेल चेनला धुळीचे अस्तर चढवते. तिसरा प्रकार मेणाचा. पाण्यात मिसळलेले मेण बाटलीतून थेंबाथेंबाने सोडायचे किंवा वितळलेल्या मेणात चेन बुडवायची, अशा त्याच्या दोन रीती आहेत. दोन्हींत बाहेर कोरडा थर राहतो आणि धूळ चिकटत नाही.

महाराष्ट्राच्या हवामानात वर्षभर एकच तेल वापरण्याचा हट्ट धरू नये. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घाटमाथ्यावर आणि कोकणात ओल्या हवामानाचे तेल, आणि दिवाळीनंतर कोरडे तेल किंवा मेण, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. पावसाळ्यात मेण वापरायचेच असेल तर प्रत्येक फेरीनंतर चेन वाळवून नवा हात द्यावा लागतो. एक रात्र ओली राहिली तरी तिच्यावर तांबूस गंज दिसू लागतो. रत्नागिरी, मालवण, गोवा या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी चेन बिनतेलाची ठेवून सायकल दीर्घकाळ उभी करू नये.

मोटरसायकलच्या चेनचा ल्यूब स्प्रे येथे चालत नाही. तो रबरी रिंगा असलेल्या, आतून ग्रीस भरलेल्या चेनसाठी केलेला असतो. सायकलच्या चेनमध्ये त्या रिंगा नसतात आणि त्याचा चिकट थर बाहेरच राहून माती धरतो. गॅरेजमधले वापरलेले काळे इंजिन ऑइल तर मुळीच लावू नये, कारण त्यात धातूची पूड आधीच असते. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. ओली चेन सुकवायला किंवा गंज सैल करायला तो उपयोगी आहे, पण त्याचा थर मोटरच्या भाराखाली टिकत नाही. शिलाई मशीनचे तेल अडचणीच्या वेळी एखाद्या फेरीपुरते चालते. खोबरेल तेल थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते, त्यामुळे ते टाळलेले बरे.

वितळलेल्या मेणाची रीत ज्यांना करायची आहे त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: चेन आतून पूर्ण तेलमुक्त असल्याशिवाय मेण धरत नाही. नवी चेनही कारखान्यातील ग्रीससह येते आणि तेही संपूर्ण काढावे लागते. पॅराफिन मेण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. ते थेट गॅसच्या ज्योतीवर कधीही ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. चेन मेणाइतकी गरम होईपर्यंत आत राहू द्यावी, बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून लटकवावी. थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते. प्रत्येक सांधा हाताने वाकवून मोकळा केला की ती बसवण्यास तयार असते.

तेल देण्याची रीत

चेन लहान आणि मोठ्या चक्रांच्या मधल्या गिअरवर आणावी, म्हणजे ती सरळ रेषेत धावेल. जोडकडी, जिला दुकानांत क्विक लिंक किंवा मास्टर लिंक म्हणतात, ती शोधून तेथून सुरुवात करावी. ती बाकीच्या कड्यांहून वेगळी दिसते, त्यामुळे पूर्ण फेरी कधी झाली ते कळते. बाटलीचे टोक चेनच्या खालच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूस, म्हणजे दातांवर टेकणाऱ्या आतल्या अंगाला धरावे. पेडल सावकाश फिरवत प्रत्येक रोलरवर एकच छोटा थेंब सोडावा. थेंब रोलरच्या मध्यावर न सोडता त्याच्या आणि पट्टीच्या मधल्या फटीवर आला तर तो लवकर आत उतरतो. एका फेरीत डावीकडच्या फटींवर आणि दुसऱ्या फेरीत उजवीकडच्या फटींवर असे करणाऱ्यांची चेन अधिक शांत चालते, असा अनुभव आहे. धार धरून, चेन जोरात फिरवून तेल ओतणे ही सर्वत्र दिसणारी पद्धत निम्मे तेल जमिनीवर आणि उरलेल्यातले बरेचसे डिस्कच्या दिशेने उडवते.

नंतर चेन वीसतीस फेरे फिरवावी आणि सगळे गिअर एकदा खालीवर करावेत. ओल्या हवामानाच्या तेलाला दहा मिनिटे, कोरड्या तेलाला त्याचे द्रावक उडेपर्यंत आणि बाटलीतल्या मेणाला रात्रभर वेळ द्यावा. मेण लावून लगेच सायकल काढली तर ते सुकण्याआधीच फेकले जाते. हा वेळ गेल्यावर स्वच्छ, कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसून काढावी. पट्ट्यांवरून बोट फिरवल्यावर बोटाला ओलसर चमक यावी, थेंब येऊ नये, इतपत. अनेकजण येथे हात आखडता घेतात. आत्ताच दिलेले तेल पुसणे त्यांना उधळपट्टी वाटते. परंतु पुसले जाते ते निरुपयोगी तेल आहे, कामाचे तेल केव्हाच आत गेलेले असते.

तेल किती दिवसांनी द्यावे याचे एकच उत्तर नाही. भिजलेल्या प्रत्येक फेरीनंतर द्यावे. कोरड्या दिवसांत मध्यवर्ती मोटरीच्या सायकलीला शंभर किलोमीटरच्या सुमारास, हबमोटरच्या सायकलीला त्याच्या दीडपट अंतरावर, असा ढोबळ हिशोब ठेवावा. मात्र शांत रस्त्यावर मोटर बंद करून पन्नास पावले पेडल मारावे आणि कान द्यावा. कोरडी चेन बारीक किरकिर करते किंवा चिमण्यांसारखी चिवचिवते. तसा आवाज आला तर किलोमीटरचा हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी तेल द्यावे. मोटर बंद करून घेतलेली ही छोटी चाचणी पायांनाही पुन्हा बोलते करते.

झीज मोजणे

झीज मोजण्याचे चेन चेकर नावाचे स्वस्त साधन मिळते. त्याचे टोक चेनमध्ये सहज पूर्ण उतरले की चेन संपली असे समजावे. ते नसेल तर ३० सेंटिमीटरची पोलादी मोजपट्टी पुरते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी इतके बारीक अंतर विश्वासाने दाखवत नाही. पेडलवर किंचित दाब देऊन चेनचा एक पट्टा ताणून धरावा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवावे आणि ती पिन सोडून पुढे मोजत विसाव्या पिनचा मध्य कोठे येतो ते पाहावे. नव्या चेनवर तो बरोबर २५४ मिलिमीटरवर येतो. तो २५५ च्या थोडा पुढे, सव्वा मिलिमीटर सरकलेला दिसला, तर झीज अर्धा टक्का झाली. अकरा किंवा बारा गिअरच्या चेनसाठी हीच बदलण्याची वेळ. सात ते दहा गिअरच्या चेनला जवळपास २५६ पर्यंत, म्हणजे पाऊण टक्क्यापर्यंत चालवता येते. अडीच मिलिमीटर, म्हणजे एक टक्का झीज दिसली तर चेनबरोबर कॅसेट किंवा फ्रीव्हीलही गेलेले असण्याचीच शक्यता अधिक. मोजणी चेनच्या तीन वेगवेगळ्या जागी करावी आणि सर्वांत वाईट आकडा धरावा.

मध्यवर्ती मोटरवाल्यांनी ही मोजणी दर तीनशे किलोमीटरला करावी. वाळूमिश्रित चिखलात, सतत जास्तीत जास्त मदतीवर चालवलेली चेन हजार किलोमीटरच्या आतही संपू शकते, आणि तीच चेन कोरड्या रस्त्यावर जपून चालवली तर त्याच्या कितीतरी पुढे जाते. मोजताना चेनवरून नजरही फिरवावी. पट्टीला चीर, वाकलेली कडी किंवा बाहेर सरकलेली पिन दिसली तर झीज कितीही कमी असली तरी त्या चेनवर घाट चढू नये. एखादा सांधा अडकत असेल तर पेडल उलटे फिरवताना डिरेलरच्या छोट्या चाकावर तो टपकन उडी मारतो. तो दोन्ही अंगठ्यांनी आडवा किंचित वाकवून तेल दिल्यास बहुधा मोकळा होतो.

चेनचे आयुष्य चालवण्याच्या सवयीवरही अवलंबून असते. मोटरच्या मदतीमुळे चढावरही सर्वांत लहान चक्रावर सायकल ओढता येते, आणि नेमके तेच चेनला महागात पडते. अकरा दातांच्या चक्रावर सगळा भार मोजक्या दातांवर येतो आणि सांधे अधिक कोनात वाकतात. चढाच्या पायथ्याशीच हलका गिअर घ्यावा. गिअर बदलताना पायांचा जोर क्षणभर कमी करावा. मध्यवर्ती मोटर पाय सैल केल्यावरही किंचित काळ ढकलत राहते, म्हणून हा क्षण साध्या सायकलपेक्षा थोडा मोठा ठेवावा.

नवी चेन बसवताना

गिअरच्या संख्येशी जुळणारीच चेन घ्यावी. मध्यवर्ती मोटरींसाठी केएमसी आणि शिमानो यांच्या खास चेन मिळतात, त्या घेणे शहाणपणाचे आहे. जुनी आणि नवी चेन शेजारी ठेवून लांबी जुळवू नये, कड्या मोजाव्यात. १२० कड्यांची चेन पाऊण टक्का झिजली तर साधारण ११ मिलिमीटर लांब झालेली असते. नुसत्या लांबीवर विसंबल्यास जवळजवळ एका कडीची चूक होते. पिन बाहेर ढकलणाऱ्या चेन कटरने जादा कड्या काढाव्यात, आणि चेनच्या एका बाजूस अक्षरे कोरलेली असतील तर ती बाहेरच्या बाजूस येतील अशी बसवावी.

जोडकडी हाताने जुळवून ती वरच्या पट्ट्यावर आणावी, पॉवर बंदच ठेवून मागचा ब्रेक घट्ट धरावा आणि पेडलवर वजन टाकावे. टकन आवाज होऊन ती बसते. अकरा आणि बारा गिअरच्या बऱ्याच जोडकड्या एकदाच वापरण्यासाठी असतात, तेव्हा प्रत्येक वेळी चेन काढल्यावर नवी जोडकडी वापरावी आणि पाकिटावरील सूचना पाहून घ्यावी. कारखान्यातले ग्रीस मेणाची रीत करायची नसेल तर धुऊन टाकू नये. ते आतल्या सांध्यांत उत्तम पोहोचलेले असते. फक्त बाहेरून पुसून घ्यावे आणि पहिले शंभर किलोमीटर दुसरे तेल देऊ नये.

नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर दिला की घसरत असेल, तर ती बहुधा सर्वाधिक वापरलेल्या एखाद्याच चक्रावर घसरते. रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये, प्रथम मोटर बंद ठेवून आणि मग सर्वांत कमी मदतीवर, बसूनच जोर देऊन पाहावे. उभे राहून ही चाचणी करू नये. घसरत असल्यास कॅसेट बदलावी आणि पेडलजवळच्या दातेरी चक्राचे, म्हणजे चेनव्हीलचे, दातही तपासावेत; दात माशाच्या पाठीवरील परासारखे एका बाजूला कललेले किंवा टोकदार झालेले दिसले तर तेही बदलावे. उरलेल्या कड्यांपैकी चार कड्यांचा तुकडा, गिअरच्या संख्येशी जुळणाऱ्या दोन जोडकड्या, छोटे चेन कटर आणि रबरी हातमोजे सीटखालच्या पिशवीत ठेवून द्यावेत. ताम्हिणी किंवा वरंध घाटात चेन तुटली तर बॅटरी भरलेली असूनही मध्यवर्ती मोटरीची सायकल ढकलतच न्यावी लागते. हबमोटरच्या सायकलीला मात्र थ्रॉटल असल्यास सपाटीवर घरापर्यंत येता येते.